एकट्याने ड्रम शिकताना पुस्तक कसे निवडावे

ड्रम स्वतःच्या बळावर शिकायला निघालेला माणूस पुस्तकांचा शोध घेऊ लागतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा 'सगळ्यात चांगले पुस्तक कोणते' हा असतो. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण ड्रमची बरीच नावाजलेली पुस्तके शिक्षक शेजारी उभा आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. पुस्तकात जे राहून गेले आहे ते शिक्षक बोलून भरून काढतो, मनगट आखडले की थांबवतो, लय पळू लागली की हटकतो. पुस्तकाला मात्र ऐकू येत नाही. म्हणून एकट्याने शिकणाऱ्याने निवड करताना एकच कसोटी सतत समोर ठेवावी: मी चुकत असेन, तर ते मला या पुस्तकाच्या मदतीने कळेल का?

ही कसोटी मला सुचली ती फजिती झाल्यानंतर. माझ्या पहिल्या पुस्तकाबरोबर ध्वनिमुद्रण नव्हते आणि नोटेशनखाली, म्हणजे पाच रेषांवरच्या संगीताच्या खुणांखाली, मोजणीही लिहिलेली नव्हती. डॉटेड एट्थ (पाऊण मात्रेची खूण) आणि तिला जोडलेली सिक्स्टीन्थ (पाव मात्रेची) ही जोडी जिथे जिथे येई, तिथे ती मी शफलच्या झुलत्या चालीने वाजवत राहिलो. वास्तविक तिथे मात्रेचे चार समान भाग करून पहिला ठोका पहिल्या भागावर आणि दुसरा चौथ्या भागावर पडायला हवा. मी मात्रेचे तीन भाग करून दुसरा ठोका तिसऱ्या भागावर टाकत होतो. पान पाहताना मला सगळे बरोबरच वाटत होते. जवळजवळ तीन महिन्यांनी एका गाण्याबरोबर वाजवताना माझी किक (पायाने वाजवायच्या बास ड्रमचा ठोका) बास गिटारशी काही केल्या जुळेना, तेव्हा घोटाळा उघड झाला, आणि ती सवय मोडायला तीन महिन्यांहून अधिक वेळ लागला. त्या पुस्तकात चूक काहीच नव्हती. ते एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेले नव्हते, इतकेच.

पहिली पायरी: आपल्याजवळ काय आहे ते पाहणे

पुस्तकाआधी स्वतःच्या परिस्थितीची नोंद करावी. पूर्ण ड्रमसेट रोज हाताशी आहे, की फक्त प्रॅक्टिस पॅड (सरावाची रबरी गादी) आणि स्टिकची जोडी आहे? पॅडवरच बहुतेक सराव होणार असेल, तर ड्रमसेटच्या ठेक्यांनी भरलेले पुस्तक बराच काळ मिटलेलेच राहील. अशा वेळी हातांच्या सरावाचे पुस्तक आधी घेणे शहाणपणाचे. नोटेशन आधीपासून वाचता येते का, हा दुसरा प्रश्न. गिटार किंवा कीबोर्ड वाजवलेल्या माणसाला नोटेशनच्या ओळखीची पहिली काही पाने कंटाळवाणी वाटतात आणि ती त्याने खुशाल ओलांडावीत. ज्याने पाच रेषा कधी पाहिल्याच नाहीत, त्याच्यासाठी तीच पाने पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची असतात. कोणते संगीत वाजवायचे आहे हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, पण पहिल्या सहा महिन्यांत त्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी पायरी: पुस्तकांच्या जाती ओळखणे

ड्रमची पुस्तके वरून सारखी दिसली, तरी त्यांचे काम वेगवेगळे असते. पहिली जात प्राथमिक अभ्यासक्रमाची: बसावे कसे, स्टिक धरावी कशी, नोटेशन वाचावे कसे, पहिला ठेका कसा उभा करावा, असे सगळे थोडे थोडे शिकवणारी पुस्तके. दुसरी जात निव्वळ हातांची. यात ड्रमसेट नसतोच. एकाच पृष्ठभागावर उजव्या आणि डाव्या हाताचे क्रम दिलेले असतात. तिसरी वाचनाची, म्हणजे ताल पाहताक्षणी ओळखून वाजवण्याची. चौथी ठेक्यांची, जिच्यात रॉक, फंक, जॅझ, लॅटिन असे शैलीवार ग्रूव्ह असतात. पाचवी जात चार अवयवांच्या स्वातंत्र्याची, म्हणजे एक हात काही वेगळे करत असताना बाकीचे तिघे आपापले काम सोडणार नाहीत याची तालीम देणारी.

नवख्याला यांतली पहिली आणि दुसरी पुरेत. एक प्राथमिक अभ्यासक्रमाचे पुस्तक आणि सोबत हातांचे एक पातळ पुस्तक, ही जोडी वर्षभर सहज पुरते. पाचव्या जातीचे पुस्तक पहिल्या वर्षी विकत घेणे म्हणजे पोहायला शिकण्याआधी खोल पाण्याचा नकाशा घेण्यासारखे आहे. नकाशा खोटा नसतो, पण तो उपयोगी पडेपर्यंत शिकणाऱ्याचा धीर सुटलेला असतो.

मुखपृष्ठावर 'सर्व 40 रुडिमेंट' असे ठळक छापलेले पाहून भारावून जाऊ नये. रुडिमेंट म्हणजे हातांच्या ठोक्यांचे ठरावीक मूलभूत क्रम. अमेरिकेत 1933 साली स्थापन झालेल्या ड्रमवादकांच्या संघटनेने आधी 13 आवश्यक रुडिमेंट ठरवली आणि पुढे ती यादी 26 पर्यंत गेली. आज जी 40 ची यादी सर्वत्र मानली जाते ती पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने 1984 साली स्वीकारली. रोल, डिडल, फ्लॅम आणि ड्रॅग अशा चार कुळांत ती विभागलेली आहे, आणि यादी स्वतंत्रपणे मोफत मिळते. त्यामुळे केवळ यादीसाठी पुस्तक घेण्यात अर्थ नाही. सुरुवातीला सिंगल स्ट्रोक रोल (हात आलटून पालटून एकेक ठोका), डबल स्ट्रोक रोल (दोन दोन ठोके), सिंगल पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा आणि मग त्याचे उलट) आणि फ्लॅम (मुख्य ठोक्याला चिकटून आधी दुसऱ्या हाताचा हलका ठोका) एवढी चार नीट बसली, तरी बरेच काही वाजवता येते. पुस्तक या चारांवर किती पाने खर्च करते आणि ती ड्रमसेटवर कुठे वापरायची हे दाखवते का, ते पाहावे.

तिसरी पायरी: एका पानाची परीक्षा

बहुतेक पुस्तकांची काही पाने विकत घेण्यापूर्वी चाळता येतात. अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचण्यात वेळ न घालवता थेट ड्रमसेटच्या पहिल्या ठेक्यांचे पान उघडावे. तिथे साधारणपणे एक ओळखीचा ठेका असतो: हाय-हॅटवर (पॅडलने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आठ समान ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (समोरचा, कडक आवाजाचा ड्रम). हा ठेका छापलेला नाही असे नवख्यांचे पुस्तक क्वचितच सापडेल, त्यामुळे पुस्तकांची तुलना करायला तो फार सोयीचा आहे.

त्या ठेक्याखाली 'वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड' अशी मोजणी प्रत्येक ठोक्याच्या बरोबर खाली छापलेली आहे का, ते आधी पाहावे. मोजणी नुसती एकदा सांगून सोडलेली असेल, तर पुस्तक वाचकावर अधिक विश्वास टाकत आहे असे समजावे. मग खालचे दुसरे, तिसरे आणि चौथे ठेके पाहावेत. एका ठेक्यातून पुढच्या ठेक्यात नेमके काय बदलले, हे बोट ठेवून मोजावे. चांगल्या पुस्तकात हाय-हॅट आणि स्नेअर जसेच्या तसे राहतात आणि फक्त बास ड्रमचा एक ठोका वाढतो, उदाहरणार्थ पहिल्या मात्रेनंतरच्या 'अँड'वर. त्यानंतर तोच जादा ठोका तिसऱ्या मात्रेनंतर सरकतो, मग दोन्हीकडे येतो. अशा आठ-दहा ठेक्यांत शिकणाऱ्याचा उजवा पाय सुटा होत जातो आणि अडखळला, तर कुठे अडखळला हे त्याला नेमके कळते. याउलट तिसऱ्याच ओळीत हाय-हॅट उघडली, स्नेअरचे घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) आले आणि किकही ऑफबीटवर (मात्रांच्या मधल्या जागी) गेली, तर ठेका मोडल्यावर दोष हातात आहे की पायात हे ओळखता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलणारे पान रटाळ दिसते. रटाळ दिसणाऱ्या अशाच पानांवर माझा अधिक विश्वास आहे.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. लय किती ठेवायची हे आकड्यात दिले आहे का, आणि दिले असेल तर एकच आकडा आहे की सुरुवातीचा आणि गाठायचा असे दोन आहेत? मेट्रोनोमवर, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला 60 पासून सुरू करून 100 पर्यंत जावे, असे सांगणारे पुस्तक शिकणाऱ्याला मोजपट्टी देते. नुसते 'हळू वाजवा' असे लिहिणारे देत नाही, कारण नवख्याचे 'हळू' रोज बदलते. दुसरी गोष्ट डाव्या पायाची. अनेक प्राथमिक पुस्तके हाय-हॅटच्या पॅडलवर डावा पाय ठेवायला सांगतात आणि नंतर त्याला विसरूनच जातात. निदान पुस्तकाच्या मध्यापर्यंत तरी त्या पायाला काही काम मिळाले पाहिजे.

नोटेशनची खूणपाटी, म्हणजे कोणती खूण कोणत्या वाद्याची हे सांगणारा तक्ता, हीही पाहून घ्यावी. आजच्या पुस्तकांत बहुधा पाच रेषांमधल्या सर्वांत खालच्या घरात बास ड्रम, खालून तिसऱ्या घरात स्नेअर आणि सर्वांत वरच्या रेषेच्या वर फुलीच्या आकाराने हाय-हॅट दाखवतात. पायाने वाजवायची हाय-हॅट सर्वांत खालच्या रेषेखाली फुलीने येते. तरी सिंबल (झांजा) आणि टॉम (सेटमधले बाकीचे ड्रम) यांच्या जागा पुस्तकागणिक थोड्या हलतात, म्हणून प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला खूणपाटी असायलाच हवी. ती नसेल तर ते पुस्तक बाजूला ठेवावे. केवळ अक्षरे आणि आडव्या रेघांच्या टॅबमध्ये लिहिलेली पुस्तके सोपी वाटतात, पण त्यांतून ठोक्याचे कालमूल्य नीट डोळ्यांपुढे उभे राहत नाही, आणि पुढे दुसरे कोणतेही पुस्तक वाचायची वेळ आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चौथी पायरी: ध्वनिमुद्रणाची पारख

एकट्याने शिकणाऱ्यासाठी ध्वनिमुद्रण ही चैन नाही. शिक्षकाच्या कानाची जागा काही अंशी भरून काढणारी तीच एक गोष्ट आहे. माझी डॉटेड एट्थची चूक एकदा ऐकल्याबरोबर सुटली असती.

पण ध्वनिमुद्रण आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण त्यातही उत्तम, मध्यम असे दर्जे असतात. उत्तम पुस्तकात प्रत्येक नवा ठेका एकदा संथ आणि एकदा अपेक्षित लयीत ऐकवलेला असतो, आणि काही ठिकाणी ड्रम वगळून फक्त बाकीची वाद्ये वाजतात, म्हणजे मोकळी जागा शिकणाऱ्याने भरायची. ही ड्रमविरहित आवृत्ती फार मोलाची आहे. नुसत्या मेट्रोनोमबरोबर जे बरोबर वाटते, ते बास गिटारच्या शेजारी उघडे पडते. मध्यम प्रतीच्या पुस्तकात फक्त निवडक ठेके ऐकवलेले असतात. नेमके कोणते वगळले आहेत ते पाहावे: सोपे वगळून अवघड ऐकवले असतील तर हरकत नाही, पण मोजकी दोन-चार दिखाऊ सोलो देऊन बाकी सगळे वाचकावर सोडलेले असेल, तर ते ध्वनिमुद्रण जाहिरातीसाठी आहे असे समजावे.

जुने पुस्तक घेताना एक अडचण हमखास येते. पूर्वी सोबत सीडी असे, आणि ती हरवलेली तरी असते किंवा ती चालवायचे यंत्र तरी घरात नसते. नव्या पुस्तकांत संकेतांक छापलेला असतो आणि तो टाकून फायली उतरवून घ्यायच्या असतात. कोणीतरी आधी वापरलेल्या प्रतीतला संकेतांक आधीच वापरला गेलेला असू शकतो. विकणाऱ्याला हे आधी विचारून घ्यावे.

जुन्या नावाजलेल्या पुस्तकांचे काय करावे

शोध घेताना काही नावे पुन्हा पुन्हा समोर येतील. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे 'स्टिक कंट्रोल' हे 1935 सालचे पुस्तक हातांच्या सरावासाठी आजही वापरले जाते. त्याच्या पहिल्याच पानावर 24 व्यायाम आहेत आणि प्रत्येक न थांबता 20 वेळा वाजवण्याची सूचना आहे. पहिला उजवा-डावा-उजवा-डावा असा साधा, पाचव्यात पॅराडिडल, आणि पुढे हातांचे क्रम एकेक करून उलटेसुलटे होत जातात. मजकूर अगदी थोडा आहे. स्टिक किती उचलावी, मनगट कुठे वळावे, बोटांचे काम काय, हे त्यातून नवख्याला शिकता येणार नाही. तरीही मी हे पुस्तक जोडीतले दुसरे म्हणून सुचवतो, कारण त्यात चूक ओळखायला फारसे ज्ञान लागत नाही: डोळे मिटून ऐकले असता उजवा ठोका कोणता आणि डावा कोणता हे ओळखू येत असेल, तर दोन्ही हात अजून सारखे झालेले नाहीत. पुस्तक स्वतः ऐकू शकत नाही, पण काय ऐकायचे ते इथे स्पष्ट आहे.

टेड रीड यांचे 1958 सालचे 'सिंकोपेशन' यापेक्षा वेगळे आहे. त्यातले लांबलचक ताल शिक्षकांनी नाना तऱ्हांनी वापरले: वरची ओळ डाव्या हाताने स्नेअरवर आणि उजवा हात राइड या मोठ्या झांजेवर जॅझचा झुलता स्विंग ठेका धरतो, किंवा तीच ओळ पायाने, किंवा लांब ठोके एका हाताने आणि आखूड दुसऱ्याने. या युक्त्यांची परंपरा वर्गातून वर्गात गेली. पुस्तकात त्या मांडून दाखवलेल्या नाहीत. म्हणून नवख्याने ते केवळ वाचनाच्या सरावासाठी वापरावे आणि बाकीची गंमत पुढे ठेवावी.

जिम चेपिन यांचे 1948 सालचे पुस्तक जॅझमधल्या अवयवांच्या स्वातंत्र्याचे आहे आणि त्याच्या नावातच प्रगत तंत्राचा उल्लेख आहे. गॅरी चेस्टर यांचे 1985 सालचे 'द न्यू ब्रीड' हात-पाय चालू असताना तोंडाने ओळ म्हणायला लावते. दोन्ही थोर आहेत, आणि दोन्ही पहिल्या वर्षासाठी नाहीत. कार्माइन अपिस यांचे 1972 सालचे 'रियलिस्टिक रॉक' त्या मानाने जवळचे आहे. प्राथमिक अभ्यासक्रम संपत आला की ठेक्यांसाठी ते उघडावे.

जुन्या पुस्तकांतली छायाचित्रे पाहून गोंधळू नये. अनेक ठिकाणी डाव्या हातात स्टिक आडवी, तळहात वर करून धरलेली दिसते. ती पारंपरिक पकड. गळ्यात तिरका लटकवलेला ड्रम वाजवण्याच्या सोयीतून ती आली. दोन्ही हातांनी सारखी, म्हणजे मॅच्ड पकड धरून त्याच पुस्तकातले सगळे व्यायाम करता येतात.

लहानसहान बाबी

पुस्तक स्टँडवर सपाट उघडे राहते का, हे पाहावे. दोन्ही हातांत स्टिक असताना पान मिटले तर सराव थांबतो, आणि असे तीनदा झाले की माणूस पुस्तकच बंद करतो. स्पायरल बांधणी यासाठी सर्वांत बरी. टॅब्लेटवर वाचायचे असेल, तर एक व्यायाम दोन पानांवर तुटत नाही ना, एवढे तपासावे.

डावखुऱ्यांनी वेगळे पुस्तक शोधण्याची गरज नाही. ड्रमसेट आरशातल्यासारखा उलटा मांडला असेल, तर छापलेला 'आर' डावा आणि 'एल' उजवा समजून वाचावे. फक्त सुरुवातीलाच एक पद्धत ठरवावी आणि पुस्तकागणिक ती बदलू नये.

पुस्तक घरी आल्यावर

पहिले पान उघडण्याआधी फोनवर स्वतःचे ध्वनिमुद्रण कसे करायचे ते ठरवून घ्यावे. रोज अर्धा तास मिळत असेल, तर पहिली दहा मिनिटे पॅडवर हातांच्या पुस्तकासाठी, पंधरा मिनिटे ड्रमसेटच्या पुस्तकातल्या एकाच ओळीसाठी आणि उरलेली पाच ती ओळ मुद्रित करून ऐकण्यासाठी ठेवावीत. पाच मिनिटांचा हा शेवटचा भाग सगळ्यांना टाळावासा वाटतो. वाजवताना लक्ष हातापायांत असते, त्यामुळे फिल (ठेका क्षणभर सोडून वाजवायचा छोटा तुकडा) आला की लय किती पुढे पळाली हे तेव्हा कळत नाही. ऐकताना लगेच कळते.

नवा ठेका आधी तोंडाने मोजत, मांडीवर हात आणि जमिनीवर पाय आपटून करावा, मग सेटवर बसावे. अडले तर एक अवयव काढून टाकावा: आधी फक्त हाय-हॅट आणि किक, मग स्नेअर परत आणावी. पुस्तकाने ही तोड सांगितली नसली, तरी ती प्रत्येक ठेक्याला लागू पडते. पेन्सिलीने प्रत्येक ओळीशेजारी तारीख आणि त्या दिवशी मेट्रोनोमवर गाठलेला आकडा लिहून ठेवावा. माझ्या 'स्टिक कंट्रोल'च्या पहिल्या पानावर आता खाडाखोडीशिवाय फारसे काही वाचता येत नाही.

दुसरे प्राथमिक पुस्तक घेण्याचा मोह साधारण दुसऱ्या महिन्यात होतो, कारण त्या सुमारास पहिल्या पुस्तकातली पाने अवघड होऊ लागतात आणि नव्या पुस्तकाची सुरुवात पुन्हा सोपी असते. तेव्हा हातातल्या पुस्तकाचे मागे सोडलेले कोणतेही एक पान उघडावे, त्यातली एक ओळ 80 च्या लयीत दोन मिनिटे न थांबता वाजवून मुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. मेट्रोनोमची टिकटिक ठोक्यांखाली झाकली जाऊन ऐकूच येत नसेल, तर पुढच्या पुस्तकाचा विचार करायला हरकत नाही. ती ठोक्यांच्या मागेपुढे वेगळी ऐकू येत असेल, तर त्याच पानावर थांबावे.